सगळं पुसून पहिल्यापासून

नालवोगाच्या हातातलं चपातीत गुंडाळलेलं गरम ऑम्लेट जिन्यावर पडलं होतं, ते या किगुंडूच्या धक्क्यानं. कंपालातल्या तिच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तो त्याच दिवशी रुजू झाला होता. तेव्हापासून हा बाबा दिवसातून तीनदा तिच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा, आणि तिची छाती उगाचच धडधडायची.

आज ती धडधडत होती भीतीनं. मुलांच्या दवाखान्यासाठीच्या प्रोग्रॅममध्ये औषधाची कमाल मात्रा किगुंडूनं दहावरून पाचवर आणली होती. पण चार वाजता पाठवायच्या प्रतीत अजून दहाच दिसत होते!

"न करताच केलं म्हणतो," प्रमुख ओकुमू किगुंडूवर कडाडला. "उद्यापासून येऊ नकोस!"

"सेबो, साहेब, आईशप्पथ, माझ्या मशीनवर पाचच दिसतात!" किगुंडू म्हणाला.

जावा या संगणकभाषेतली कुठली फाइल कुठल्या फाइलवर अवलंबून आहे, याची नोंद ठेवणारं साधन नालवोगानं लिहिलेलं होतं. एक फाइल बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या तेवढ्याच नव्यानं तयार व्हायच्या. पण न बदलणारा म्हणून लिहिलेला आकडा जावा तो वापरणाऱ्या फाइलमध्ये सरळ उतरवून घेते, कुठून आणला याची खूण ठेवत नाही. तिच्या साधनाला ते नातं दिसलंच नव्हतं. पाठवायच्या प्रतीत जुनी फाइल तशीच राहिली होती.

"चूक माझी आहे, सेबो," ती कशीबशी म्हणाली. मग किगुंडूकडे वळली. "पण... तुझ्याकडे पाच कसे?"

"मी दर वेळी सगळं पुसून पहिल्यापासून तयार करतो, न्याबो, बाईसाहेब."

"दर वेळी? अरे, वीस मिनिटं जातात! माझ्या कामावर एवढाही विश्वास नाही?" तिनं विचारलं.

"विश्वास आहे गं... पण तुझं साधन दोन सेकंदांत उरकतं. दोन सेकंदांत तुझ्या टेबलाशी येऊन बोलणार काय — कपाळ?"

ओकुमूला एकदम खोकला आला. "राहू दे याला," तो दाराकडे जात पुटपुटला. "आधी दहाचे पाच करा!"

नालवोगानं सगळं पुसलं, पहिल्यापासून सुरू केलं. याही वेळी दहाच आले तर?

"वीस मिनिटं आहेत," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "बोल."

एरवी टकळी चालवणाऱ्या किगुंडूनं तिचा हात तेवढा धरला. पडद्यावर पाच उमटले... तरी सोडला नाही.