ढमीच्या कानावरची गाठ

दार ढकललं गेलं आणि दीड वर्षाची कुत्री ढमी प्राण्यांच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत घुसून थेट तिथल्या डॉक्टरीणबाईच्या पायावर बसली! मागोमाग धापा टाकत मालक आला... गळ्यात टेप, खिशाला टोचलेल्या सुया.

"माफ करा हं, डॉक्टर. ढमीला माणसांची पारख आहे, शिस्त नाही."

"आणि मालकाला?"

"मी शिंपी. मला फक्त मापं कळतात," तो म्हणाला, आणि असा काही बघत राहिला की तिने घाईघाईने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. कान मात्र तापले ते तापलेच.

ढमीच्या कानावर बटणाएवढी लाल गाठ होती. आदल्या दिवशी काढलेल्या तुकड्याची काच तिने पाहिली. पांढऱ्या पेशींची नुसती झुंबड! या पेशींचाच कॅन्सर, असा रिपोर्ट तिने लिहिला. शुक्रवारी कान कापायचा, मग महिनोन्महिने औषधं.

तो रोज सकाळी ढमीची जखम दाखवायला यायचा. जखम दवाखान्यातल्या नर्सबाई बघायच्या. तो मात्र प्रयोगशाळेच्या दारात रेंगाळायचा. चेष्टा करायचा, पण डोळे सुजलेले.

"आई दोन दिवस धड जेवली नाही हो," एकदा हळूच बोलून गेला.

शुक्रवारी तो लवकर आला.

"हसणार नाही ना? तुकडा काढल्यावर गाठ चौदा मिलिमीटर होती. परवा बारा. आज नऊच भरतेय."

"असा कॅन्सर आपोआप नाही हो आटत, मास्तर."

"टेप खोटं बोलत नाही, डॉक्टर. गिऱ्हाइकं बोलतात."

ती थबकली. काच पुन्हा लावली. या वेळी पेशी किती हे नाही, कुठे आहेत ते पाहिलं. त्या गाठीला खालून वेढा घालून आत घुसत होत्या. गाठीच्या मूळ पेशी वेगळ्याच, आणि पटापट मरत होत्या. ही तर ढमीची स्वतःची फौज! चोर सोडून संन्याशाला सुळी देत होतो आपण!

ती काच घेऊन धावतच ऑपरेशनच्या खोलीत गेली; मोठे डॉक्टर तयारी करत होते. "थांबा! सुरी लावू नका!"

मोठ्या डॉक्टरांनी काच निरखली. "बरोबर आहे तुझं. कोवळ्या वयातल्या कुत्र्यांना होणारी साधी गाठ ही, शरीरच फस्त करतं तिला. खात्रीला आणखी एक तपासणी करू. कापायचं मात्र नाही!"

बाहेर तो ढमीला कवटाळून उभा होता.

"चूक माझीच होती," ती म्हणाली. "तुम्ही मापं घेतली नसती तर..."

तो डोळे पुसत हसला. "आईला फोन करतो आधी... म्हणजे आता इथे यायला कारण उरलं नाही म्हणायचं?"

"गाठ जाईपर्यंत यावंच लागेल."

"आणि गेल्यावर?"

ती ढमीची पाठ खाजवत राहिली... मान वर न करताच म्हणाली,

"गेल्यावर हिला आईंजवळ ठेवून या."