टॉवरच्या खोलीतलं इंजन

पटो न पटो, हे घडलेलं आहे. वालूरच्या शिवारात, गेल्या वैशाखात, दिवेलागणीच्या वेळी.

भुजंगरावांच्या रानात मोबाईलचा टॉवर आहे. त्याची राखण तेच करतात. लाईट गेली की टॉवर बॅटऱ्यांवर चालतो. बॅटऱ्या उतरल्या की खोलीतलं डिझेल इंजन चालू करायचं. इंजनाचा सेल्फ कधीचाच बिघडलेला. हॅण्डल मारावं लागतं आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने दोन्ही हातांनी फिरवायचं. वेग आला की दुसऱ्याने इंजनाच्या माथ्यावरचा खटका पाडायचा.

खटका त्यांची बायको कमलबाई पाडायची.

"फिरवा की जोरात. भाकरी खाल्ली न्हाई का?" म्हणायची. मग भुजंगराव म्हणायचे, "सोड." खटका पडायचा, इंजन धडधडायचं आणि कमलबाई धुरानं खोकत बाहेर पळायची.

संक्रांतीच्या आधी ती गेली. तेव्हापासून शेजारचा चंद्रभान मदतीला यायचा.

त्या दिवशी चंद्रभान लग्नाला गेला होता. दुपारच्या वादळात विजेचे खांब आडवे झाले, झाडं पडून रस्ता बंद झाला. आणि एकुलती एक लेक सृष्टी परभणीला दवाखान्यात बाळंतपणात अडली होती.

जावयाचा, आदिनाथचा, फोन आला.

"मामा, ऑपरेशनला नेलंय. लय रक्त गेलंय. डॉक्टर म्हणायलेत..."

आवाज तुटला.

भुजंगरावांनी कान दिला. टॉवरच्या खोलीतली पंख्यांची घरघर... थांबली होती.

बॅटऱ्या उतरल्या होत्या.

ते खोलीत गेले. हॅण्डल मारलं. खटक्यासाठी एक हात सोडला की वेग मरायचा. पुन्हा फिरवलं. पुन्हा मेला. खांदा भरून आला. ते खालीच बसले. उठावंसं वाटेना.

तरी उठले. फिरवत राहिले. वेग आला आणि सवयीनं तोंडातून निघालं,

"सोड."

...खट्.

खटका पडला होता.

त्यांचे दोन्ही हात हॅण्डलवरच होते.

इंजन धडधडलं. खोलीत धूर भरला. आणि त्या धुरात... कुणीतरी खोकलं.

खोकत खोकत दाराकडं गेलं.

भुजंगराव मागोमाग बाहेर आले. कुणी नव्हतं. ओली माती होती. तिच्यावर पावलं होती, ती त्यांचीच, आत येतानाची.

फोन वाजला.

"मामा, पोरगी झाली. सृष्टी बरी हाय आता. मामा? बोला की."

"दमलोय, बापू," एवढंच ते म्हणाले.

चंद्रभानला सांगितलं तर तो म्हणाला, "खटका झिजलेला हाय. दणक्यानं पडला असंल."

असेलही. पण खोकला?

पुढं कंपनीचा ओमप्रकाश नव्या बॅटऱ्या आणि सोलरच्या प्लेटा घेऊन आला.

"काका, आता इंजन लागत न्हाई. भंगारात नेऊ का?"

"सांगतो मागनं," भुजंगराव म्हणाले. जन्मभर राबलेली बाई. मेल्यावर तरी तिला निवांत बसू द्यावं, असं त्यांना वाटतं. इंजन नेलं तर ती सुटेल... की तिला यायला जागाच उरणार नाही?

इंजन अजून तिथंच आहे.

ओमप्रकाश विचारायला फोन करतो. भुजंगराव उचलत नाहीत.