आठ तंतूंचा जोर

प्रिंटरमधून निघालेला आलेख आपला नाही, हे कळायच्या आतच गणितवाल्याने त्यावर पेन्सिलने लिहून टाकलं होतं — ‘अशक्य!’ कागद त्याने गुपचूप परत ट्रेमध्ये ठेवला. दहाच मिनिटांत तो कागद नाचवत खालच्या प्रयोगशाळेतली संशोधिका त्याच्या दारात उभी.

“हे दिव्य अक्षर तुमचंच ना?”

“हो… पण पेशीतल्या आठ तंतूंच्या जुडीचा जोर एका तंतूइतकाच? माझ्या गणितात तो आठपट येतो.”

“मग गणित घेऊन खाली या. तंतूंना समजावून सांगा!”

तो गेला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. प्रकाशाच्या चिमटीत धरलेला एक चिमुकला मणी, आणि वाढत वाढत त्याला रेटणारी जुडी. संशोधिका श्वास रोखून बटण केसभर फिरवायची… काय तो हात! जराही हलायचा नाही. गणितवाल्याची नजर पुनःपुन्हा तिकडेच.

“मणी तिकडे आहे,” ती मान न वळवता म्हणाली.

महिनाभर तो रोज खाली येत राहिला. मग हळूहळू उमगलं — सगळ्यात पुढचा तंतू एकटाच भार झेलतो. तो खचला, की दुसरा लगेच त्याची जागा घेतो. जोर एकाचाच, पण मणी मागे येत नाही. भार आठांत सारखा वाटला जातो, हे त्याने नुसतं गृहीत धरलं होतं. चार वर्षं!

तेवढ्यात तिच्या सरांनी फर्मावलं, “गणिताशी जुळत नाही ना? मग शोधनिबंधातून आलेख वगळ.” तिने पुन्हा मणी चिमटीत धरला. बटणावरचा तिचा हात मात्र थरथरला. त्याला ते बघवेना.

विभागाच्या बैठकीत तो उठला. “आलेख बरोबर आहे. चूक माझी आहे,” म्हणाला, आणि फळ्यावरचं स्वतःचंच समीकरण त्याने पुसून टाकलं.

जिन्यात तिने त्याला गाठलं. “वेड लागलंय का? चार वर्षांचं काम!”

“तुम्ही मोजलेलं मी खोटं कसं म्हणू?”

“एवढा विश्वास?”

“तुमच्यावर… म्हणजे, मोजमापावर.”

“नक्की कशावर?”

त्याचे कान तापले. “तुमच्यावर. मला तुम्ही… फार आवडता.”

ती कठड्याला टेकली. हसता हसता तिने डोळे पुसले.

“मग अजून ‘तुम्ही’ काय म्हणतोस रे? चल, जेवायला. सकाळपासून तूही उपाशी आहेस, आणि मीही.”