कपाटापुढची घंटा

खोटं वाटलं तर वाटू दे, वाद घालायचा मला आता कंटाळा आलाय. मी इंजिनिअर माणूस. आणि हे माझ्याच घरात घडलं.

१९८४. मिशिगनमधलं नोव्हाय. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, सहाचा सुमार.

महिन्यापूर्वी एका म्हाताऱ्या बाईकडून आम्ही ओकचं जुनं, पुरुषभर उंच कपाट घेतलं होतं. ते तिच्या कॅथलिक पूर्वजांनी इंग्लंडहून आणलेलं. चारशे वर्षांपूर्वी तिथे प्रोटेस्टंट राणीचं राज्य, कॅथलिकांच्या प्रार्थनेला बंदी, त्यामुळे यांची प्रार्थना चोरून चाले. एकदा प्रार्थनेतली घंटा बाहेर ऐकू गेली आणि शिपाई आले. पाद्री या कपाटात लपला...

शिपायांना तो सापडला नाही. नंतर घरच्यांनाही नाही.

माझ्या बायकोने, शैलाने, त्याच कपाटाच्या वरच्या फळीवर देव मांडले. खालचा भाग रिकामाच होता.

आरती सुरू झाली. मी घंटा हलवली...

आवाजच नाही.

आमची पाच वर्षांची नीला कपाटाकडे बघत कुजबुजली, "बाबा, नो बेल. द मॅन सेज दे विल हिअर."

"अहो, राहू द्या ना," शैला म्हणाली.

पण मी पडलो हट्टी. सणाची पूजा अशी अडायची? मी जीव खाऊन घंटा हलवली.

या वेळी ती खणखणली.

आणि... टक. टक. टक.

बाहेरून. कोणीतरी काठीने भिंत ठोकत, पोकळ जागा शोधत घराभोवती फिरत होतं.

मी बाहेर धावलो. कोणी नव्हतं. टकटक मात्र चालूच...

आत आलो तर शैला किंचाळत होती, "नीला कुठेय?"

कपाटाची दारं लागली होती. उघडली. देव होते. खाली रिकामं.

वीस मिनिटं आम्ही वेड्यासारखं घर धुंडाळलं. माझ्या हट्टापायी पोर गेली, एवढंच डोक्यात होतं.

मग टकटक थांबली.

कपाटाचं दार करकरलं... आणि नीला त्यातून बाहेर आली. अंगभर धूळ.

"द मॅन हिड मी, बाबा. दे डिडन्ट फाइंड मी."

तिच्या तोंडावर, दाबून धरल्यासारखे, चार बोटांचे वळ होते. मोठ्या माणसाच्या बोटांचे.

दुसऱ्या दिवशी मी कपाट टाकायला काढलं, तर ती त्याला बिलगली. "व्हेअर विल ही गो?" रडून रडून ताप आणला तिने. शेवटी ठेवलं.

तो तिला वाचवत होता, की सोबतीला ठेवून घेणार होता? मला अजून कळलेलं नाही.

ते कपाट आज नीलाच्या फ्रीमाँटच्या घरी आहे. तिची मुलगी आता पाच वर्षांची झाली. मी रोज फोन करतो, आणि आधी नात कुठे आहे ते विचारतो.