खाणीतली चांदणी

फलक, मोबाईल खाली ठेव. मुकुल, दार लोटून घे, वारा येतोय. आणि हसू नकोस. "अल्लाउद्दीन चाचा, भूत नसतंच" हे मला दिवसा सांग. यातलं एक अक्षर माझं नाही. चर्चच्या गंगाधर पाळकांनी माझ्या दुकानात बसून सांगितलंय, आणि तो माणूस खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात.

गेल्या डिसेंबरची एकोणीस तारीख. शुक्रवार, आणि वर अमावस्या.

तिकोणा पेठेच्या पुढे डोंगरात एक दगडखाण आहे. आसपास दुसरी वस्ती नाही. खाणीवर अकरा झोपड्या, सगळी जालन्याकडची माणसं, त्यांतली बरीचशी ख्रिस्ती. नाताळ आला की पाळक चर्चची चार माणसं घेऊन तिकडे कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, म्हणायला जातात. रीत साधी आहे. ज्या दारावर कागदाची चांदणी पेटलेली दिसेल तिथे थांबायचं, एक गाणं म्हणायचं. मग घरधनी बाहेर येऊन पाळकांचा हात हातात घेतो आणि पाळक त्या घरासाठी प्रार्थना करतात. चांदणीचं दार चुकवलं तर तो त्या घराचा अपमान.

त्या दिवशी हिराच्या दारावर चांदणी नव्हती. दरवर्षी तिचा नवरा महिपती कामट्या बांधून वस्तीतली सगळ्यात मोठी चांदणी करायचा. पण तो होळीपासून गायब होता. मुकादमानं उठवलं होतं की तो कुणा बाईबरोबर पळाला. आता कामगारच नाही म्हटल्यावर हिरानं एक तारखेला झोपडी सोडायची, असा त्याचा हुकूम होता. हिरा हटायला तयार नव्हती. महिपती दिसेनासा झाला त्याच दिवशी खालच्या खड्ड्यात सुरुंग वेळेआधी उडाला होता, आणि संध्याकाळच्या आत मुकादमानं मलबा ढकलून तो खड्डा बंद केला होता. अक्कल असलेल्याला एवढं पुरे होतं. पण सगळ्यांचं पोट मुकादमाच्या हातात, म्हणून सगळे गप्प.

तिनं पाळकांना वाटेतच अडवलं. "माझा नवरा पळाला न्हाई. त्या दगडाखाली हाय. त्याला माती द्या."

पाळक म्हणाले, देह नाही, कागद नाही, दफन कसं करू? खरं कारण वेगळंच होतं. मुकादमाला दुखवलं तर तो पुन्हा खाणीवर पाऊल ठेवू देणार नाही, याची त्यांना भीती होती. हे त्यांनी मला मान खाली घालून सांगितलं. मला रागच आला त्यांचा, आणि मी तसं बोललोही.

साडेआठला शेवटचं गाणं झालं. सगळे परत निघाले, तेवढ्यात पाळकांबरोबर आलेला ढोलकीवाला सोपान जागीच थांबला. खाली, बंद केलेल्या खड्ड्यात, एक चांदणी पेटलेली होती. मोठी. कामट्यांची.

तिथे वायर नाही. दार नाही. माणूस नाही.

मुकादम धावत आला. "पाळकसाहेब, तिकडं जायचं न्हाई. आधीच सांगतो."

पाळकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग चांदणीकडे. त्यांच्या मनात काय झालं ते त्यांनाच ठाऊक. म्हणाले, "चांदणीचं दार मी आजवर चुकवलं नाही. तुला अडवायचंय तर अडव."

आणि उतरायला लागले. मागे हिरा. मागे सोपान. मग एकेक करत सगळी वस्ती. मुकादम वरच राहिला.

खाली हाडं गोठवणारा गारठा. चांदणी दगडांच्या ढिगावर लोंबत होती. कशाला टांगलीय, दिसेना.

गाणं सुरू झालं. सोपान ढोलकी वाजवत होता. ताल चुकत होता. तरी शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं.

गाणं संपलं…

आता घरधन्यानं यायचं.

पाळकांनी हात पुढे केला. अंधारात. ढिगाकडे.

कुणीतरी तो धरला…

थंड. खरखरीत. घट्ट.

पाळक ओरडले नाहीत. पळाले नाहीत. त्यांनीही तो हात तितकाच घट्ट धरला. आणि वर मुकादमाला ऐकू जाईल अशा आवाजात, महिपतीचं नाव घेऊन, दफनाची प्रार्थना सुरू केली. बंद करा, बंद करा, म्हणून मुकादम वरून ओरडत होता. पाळकांचा आवाज चढतच गेला.

मूठमाती द्यायची वेळ आली, आपल्यात देतात तशीच. पण तिथे नुसता काळा दगड. हिरा वर धावली. मुकादमाला ढकलून पुढे गेली. आपल्या रांजणाखालची ओली तांबडी माती मुठीत घेऊन आली. ढिगावर टाकली.

पडल्याचा आवाज झाला नाही…

चांदणी विझली. पाळकांचा हात मोकळा झाला.

सकाळी पाळक आणि हिरा पोलीस चौकीत गेले. मागोमाग सगळी वस्ती गेली. तक्रार लिहून घेईपर्यंत कुणी उठलं नाही. चौथ्या दिवशी यंत्रानं मलबा उपसला. बारा फूट खाली महिपती सापडला. नुसती हाडं. मुकादम त्याच दिवशी आत गेला, आणि हिराला झोपडी सोड म्हणायची पुन्हा कुणाची छाती झाली नाही.

पंचनाम्याला पाळक शेजारीच उभे होते. महिपतीच्या उजव्या हाताची बोटं मिटलेली होती. डॉक्टरांनी ती हलकेच बाजूला केली. आत माती होती. तांबडी… अजून ओली.