तिसऱ्या खेपेच्या चकत्या

अकीला आली तेव्हा शेषराव उमाळे डोळे मिटून बसले होते, आणि ती बोलू लागल्यावरही त्यांनी ते उघडले नाहीत. अमरावतीत खासगी तपासाची अठरा वर्षे झाली होती. समोरच्याचा चेहरा पाहिला की त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो आणि तपास बिघडतो, असा त्यांचा अनुभव होता.

शेजारच्या खुर्चीत नत्थुजी होते. चौतीस वर्षे त्यांनी खरेदी केंद्रावर कापसाची प्रतवारी केली होती. केंद्र बंद पडल्यापासून ते रोज येथे येऊन बसत. साल २००८, महिना नोव्हेंबर. हंगाम सुरू झाला होता आणि नत्थुजींना कोणी बोलावले नव्हते.

अकीला शहरातील एका दंतमहाविद्यालयात संशोधन करीत होती. काढून टाकलेल्या अक्कलदाढेच्या गाभ्यातून मूलपेशी वेगळ्या करायच्या आणि त्या टायटॅनियमच्या चकत्यांवर वाढवायच्या, हे तिचे काम. कृत्रिम दात धातूच्या ज्या मुळावर उभा राहतो, त्याचे पृष्ठ गुळगुळीत असावे की खडबडीत, हा तिचा प्रश्न होता. दोन खेपांत खडबडीत चकत्यांवर पेशी दुपटीने वाढल्या. तिसरी खेप बाह्य परीक्षकांसमोर झाली. गुळगुळीत चकत्यांवर पेशी नेहमीसारख्या होत्या. खडबडीत बाराही चकत्या जवळजवळ रिकाम्या निघाल्या. मग आधीचे आकडे खरे कशावरून, असे परीक्षकांनी विचारले. बुधवारी समिती बसणार होती. कारण सांगता आले नाही, तर प्रबंध रद्द होणार होता.

“माझ्यावर खोटेपणाचा शिक्का बसेल, काका. कोणीतरी हे मुद्दाम केलंय.”

“कोणी?”

“ते कळलं असतं तर इथवर आले असते का?”

शेषरावांनी डोळे उघडले.

शेषराव नत्थुजींना घेऊन प्रयोगशाळेत गेले. तिथे पहिला संशय स्वप्निलवर होता. तो अकीलाचा सहकारी. गुळगुळीत पृष्ठच श्रेष्ठ, असा त्याचा प्रबंध. पेशींचे पोषक द्रावणही त्यानेच तयार केले होते. त्याने काहीही नाकारले नाही. द्रावण एकाच बाटलीतले, सर्व चकत्या एकाच उबपेटीत, असे त्याने कंटाळलेल्या आवाजात सांगितले.

“मले दोष द्यायचा तर द्या,” तो म्हणाला. “सहा वर्षं झाली इथं. कोणाचं तरी एकदाचं आटपू द्या.”

मग शेषरावांनी अकीलाला तिची पद्धत विचारली. चकत्या अकोल्याहून येत. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने ती त्या पुसत असे, शुद्ध पाण्याने विसळत असे, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करीत असे. गुळगुळीत आणि खडबडीत, दोन्हींना एकच रीत.

ती सांगत असताना नत्थुजींनी टेबलावरच्या बरणीतून कापसाचा पुंजका उचलला आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढला. “तीस मिलिमीटर,” ते स्वतःशीच म्हणाले. “लांब धागा हाय.” शेषरावांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. नत्थुजींनी ओशाळून पुंजका जवळच्या घमेल्यात टाकला. बोलणे संपेपर्यंत तो घमेल्यातल्या पाण्यावर पांढराशुभ्र तरंगत होता.

पुसून निर्जंतुक केलेल्या दोन खडबडीत चकत्या शिल्लक होत्या. शेषरावांनी एकीवर पाण्याचा थेंब सोडला. तो मण्यासारखा गोल उभा राहिला.

प्रयोगशाळेची झाडलोट आणि मांडामांड सुंदराबाईकडे होती. साठीला टेकलेली बाई, नोकरी कंत्राटी, अकीलावर माया. परीक्षेच्या आदल्याच आठवड्यात तिने एक दिवसाची सुटी घेतली होती; सीतादही होते, म्हणजे शेतात पूजा करून पहिल्या वेचणीला हात लावायचा दिवस. त्यानंतर ती एकदाही चुकली नव्हती. “परीक्षेच्या दिवशी मी सगळं नवं मांडलं, साहेब,” ती म्हणाली. “ताईच्या कामाले काही कमी पडू देलं नाही.”

मंगळवारी शेषराव आणि नत्थुजी बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेले. परवेज यांचा कारखाना एका शेडमध्ये होता. ते चकत्या कापत, वाळूच्या माऱ्याने खडबडीत करीत, आम्लात बुडवीत. आम्ल बदलले का, या प्रश्नावर त्यांना राग आला नाही. ते नुसते थकल्यासारखे हसले. अकीलाच्या चकत्यांबरोबरच बनवलेल्या पाच चकत्या त्यांनी पुढ्यात ठेवल्या. शेषरावांनी थेंब सोडला. तो पसरून चकतीभर झाला.

परतीच्या गाडीत नत्थुजी म्हणाले, “म्हणजे स्वप्निलच.”

“तसे असते तर सोपे होते,” शेषराव म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

बुधवारी विभागप्रमुख डॉ. माया गवई यांच्या खोलीत समिती जमली. स्वप्निल भिंतीशी उभा होता, सुंदराबाई दाराशी. शेषरावांनी दोन वाट्यांत पाणी मागितले.

“द्रावण बिघडले असते, तर गुळगुळीत चकत्यांवरही पेशी वाढल्या नसत्या. म्हणून स्वप्निल सुटतो. अकोल्याच्या चकतीवर पाणी पसरते, इथे पुसलेल्या चकतीवर ते उभे राहते. म्हणून परवेज सुटतात. चकतीवर तेलकट थर बसला तो इथे, पुसताना. गुळगुळीत चकतीवरून तो विसळताना गेला. खडबडीत चकतीच्या खाचांत राहिला. जिथे पाणी टेकत नाही, तिथे पेशी कशी टेकेल?”

त्यांनी सीलबंद पुड्यातला कापूस एका वाटीत टाकला. तो बुडाला. बरणीतला दुसऱ्या वाटीत टाकला. तो तरंगला.

“दवाखान्याचा कापूस उकळून त्याचे मेण काढलेले असते, म्हणून तो पाणी पितो. तो आखूड धाग्याचा असतो. नत्थुजींना बरणीत लांब धागा सापडला. हा शेतातला कापूस आहे, नुसती सरकी काढलेला.”

“पण पुसताना अकीलाला कळलं कसं नाही?” डॉ. गवईंनी विचारले.

“स्पिरिट तोही पितो. पाण्यात भिजवला असता तर कळले असते. फवारणीचा अंश त्यात होता की नाही, हे मी सांगू शकत नाही. मेण पुरेसे आहे.”

“चौतीस वर्षं कापूस पाह्यला,” नत्थुजी पुटपुटले, “अन् मलेच दिसलं नाही.”

“बरणीत तो कोणी भरला?” डॉ. गवई म्हणाल्या.

शेषरावांनी दोन्ही वाट्या बाजूला सरकवल्या. गेली रात्र त्यांनी याच प्रश्नावर घालवली होती. एकीला सोडवायचे तर दुसरीची भाकरी जाणार होती.

“मी भरला, बाई,” दारातून सुंदराबाई म्हणाली. “पुड्यातला पिवळा दिसे. आमच्याकडं पहिल्या वेचणीचा कापूस इकत नाहीत. देवाच्या वातीले ठेवतात. त्यातला मी घरी पिंजून आणला. पोरीच्या परीक्षेले चांगला असावा म्हटलं.”

स्वप्निल आपल्या बुटांकडे पाहत होता.

डॉ. गवईंनी लेखणी उचलली. कारण नोंदवावे लागेल आणि जबाबदार व्यक्तीचे नावही, असे त्या म्हणाल्या; आवाजात राग नव्हता.

“माझं लिहा, मॅडम,” अकीला म्हणाली. “बरणीत काय आहे ते बघणं माझं काम होतं. मी बघितलं नाही.”

“निष्काळजीपणा असा शेरा प्रबंधात राहील. नोकरी मागायला जाशील तिथे दिसेल.”

“खोटेपणा तर नाही ना?”

“नाही.”

“मग लिहा.”

तिसरी खेप अग्राह्य, चौथीला परवानगी, परीक्षक फेब्रुवारीत पुन्हा येतील, असा इंग्रजी ठराव झाला. अकीलाने सही केली. सुंदराबाईने पदराने चेहरा पुसला आणि कागदाकडे पाहिले.

“काय लिवलं, ताई?”

“सगळं पहिल्यापासून करायला सांगितलंय.”

“मंग कवा लागायचं?”

अकीलाने लेखणीला टोपण लावले. “उद्या सकाळी,” ती म्हणाली. “लवकर या.”