बहात्तर ठोके

पुसदला लहान मुलांच्या हृदयाची सोनोग्राफी करणारी डॉक्टर एकच, सुमेधा. जमनी आपली अठरा दिवसांची पोर घेऊन दुसऱ्यांदा तिच्याकडे आली, तेव्हा भर दुपार होती. सोमवारच्या तपासणीत पोरीच्या हृदयाच्या पडद्याला मोठं छिद्र दिसलं होतं. नागपूरला ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत ती टिकेल असं सुमेधाला वाटत नव्हतं. तसं तिने जमनीला सांगितलंही होतं.

आज तिने खोलीत अंधार केला, इवल्याशा छातीवर गार जेल लावलं आणि प्रोब टेकवला.

छिद्र नव्हतं.

तिने कोन बदलून पाहिला. पडदा सलग. आनंदाने ती काही बोलणार, एवढ्यात तिचं लक्ष ठोक्यांच्या आकड्याकडे गेलं. बहात्तर. तान्ह्या बाळाचं काळीज मिनिटाला दीडशेच्या घरात धडधडतं. हे सावकाश चाललं होतं… धप… धप… मोठ्या माणसासारखं. आणि पोर गुलाबी, निवांत झोपलेली.

"बरी झाली ना, म्याडम?" अंधारातून जमनीने विचारलं. तिला धाप लागली होती.

सुमेधाने दिवा लावला. जमनीचे ओठ निळे पडले होते. नखंही. मनगट धरलं, तर नाडी इतकी जलद की मोजता येईना. सुमेधाने तिला आडवं करून तिच्या छातीवर प्रोब ठेवला. तेच छिद्र. त्याच जागी.

"जमनी… काय केलंस तू?"

"म्या काय केलं? तुमीच त काल घरी आल्त्या… तिच्या छातीवर हात ठेवला, मंग माह्या. इचारलं, बदलून देऊ का? म्या म्हटलं, द्या… आता काहून इचारता?"

काल दिवसभर सुमेधा याच खोलीत होती.

अ‍ॅम्ब्युलन्स यवतमाळलाही पोचली नाही. छाती दाबून दाबून सुमेधाचे हात भरून आले, पण दारव्ह्याच्या अलीकडेच जमनी गेली. सोबत आलेल्या सासूच्या मांडीवरची पोर जागीसुद्धा झाली नाही.

दिवेलागणीला सुमेधा दवाखान्यात परतली. बाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर निळसर पडलेलं बाळ. सुमेधाने तिला कधी पाहिलं नव्हतं. म्हातारीने उठून तिचे पायच धरले.

"म्याडम, मी चंदाबाई… माही सून तयार हाये. तुमी उद्या येतो म्हनल्या, पन… आजच चला ना. नातू उद्यापर्यंत नाही टिकत."